पानात ठेवलेली टेप

मी एका शिंप्याची टेप बोलतेय. गाण्यांची नव्हे, मापं घ्यायची. सध्या माझा मुक्काम मास्तरांच्या पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, एका पानावर आहे. माझं एक पितळी टोक पानाबाहेर लोंबतं, तेवढीच माझी खिडकी. इथून पुढच्या पानावर जायची मला फार इच्छा आहे, पण मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. होते ते आकडे, आणि त्यांचं काय झालं ते आता ऐकाच.

माझा जन्म कारखान्यातला. सुती पट्टीवर रंगाचा लेप चढला, त्यावर काळे आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पितळ ठोकलं. दुकानातल्या खोक्यातून थोरल्या मास्तरांनी, म्हणजे आताच्या मास्तरांच्या वडिलांनी, मला उचललं. घरी आणून पोलादी पट्टीशेजारी ताणून धरलं, इंच न् इंच जुळवून बघितला आणि मगच गळ्यात घातलं. त्या दिवशी मी अगदी बरोबर होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कुणाला खरं वाटायचं नाही.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मध्ये कापायचं मोठं टेबल, खिडकीपाशी दोन मशिनं, कोपऱ्यात पडदा आणि आरसा. मी कितीतरी छात्या आणि पोटं मोजली. एक गोष्ट सगळ्यांची सारखी. पोटाला टेप लागली की माणूस श्वास आत ओढतो. थोरले मास्तर हसून म्हणायचे, "सोडा हो श्वास. कोट घालून जेवायचंय ना तुम्हाला?"

सकाळी मशिनवरचं कापड काढायच्या आधी ते पवित्र शास्त्र उघडायचे. दोन्ही मुलगे बाजूच्या बाकावर. थोडंच वाचायचे, एखादाच उतारा, मग डोळे मिटून गप्प बसायचे. तो उतारा दिवसभर त्यांच्या डोक्यात चाललेला असायचा. काजं करताना मध्येच ओठ हलायचे, ते मला गळ्यातून कळायचं. संध्याकाळी काम आवरलं की ते मला पानात खूण म्हणून ठेवत आणि स्वतःलाच विचारत, "झालं का?"

त्यांचा नियमच तसा होता. वाचलेलं त्या दिवशी हातून घडलं असेल, तर मी पुढच्या उताऱ्यावर जायची. घडलं नसेल, तर त्याच पानावर. सकाळी पुन्हा तेच वाचन. "कपडा शिवून खुंटीला टांगायचा असेल, तर शिवायचा कशाला?" असं ते मुलांना सांगत. "वचन घालून बघायचं. काखेत कुठे काचतं ते घातल्यावरच कळतं."

ते बऱ्याच ठिकाणी काचायचं. उद्याची काळजी करू नका, या उताऱ्यावर मी लग्नसराईभर अडकून पडले होते. धाकटा मुलगा विचारायचा, "बाबा, झालं का?" आणि तोंडात टाचण्या धरून ते म्हणायचे, "कुठलं होतंय, अस्तर अजून आलेलं नाही." शत्रूवर प्रीती करा, या पानाची कड तर खडूच्या हातांनी पांढरी झाली, कारण शेजारचा माणूस रोज आपला केर आमच्या पायरीवर लोटायचा. शेवटी एकदा थोरल्या मास्तरांनी त्याचा उसवलेला खिसा पायरीवरच बसून शिवून दिला. केर यायचा थांबला नाही. पण त्या संध्याकाळी मी पुढच्या पानावर गेले, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

ते गेले तेव्हा मी आणि ते पुस्तक थोरल्या मुलाकडे आलो. तेच आमचे मास्तर. धाकटा कापायच्या टेबलावर उभा राहू लागला. मास्तर माप घेऊन आकडे सांगायचे, धाकटा माझ्यावरूनच ते कापडावर उतरवायचा आणि कात्री चालवायचा. दोघांचं काम जोडीचं, आणि थट्टाही जोडीची. मास्तरांच्या बायकोला धाकटा म्हणायचा, "वहिनी, दादाच्या चहात साखर वाढवा, गिऱ्हाइकांवर जरा कमी ओरडेल."

मास्तर भक्तिमान माणूस. त्यांची थट्टा करायचा माझा हेतू नाही. वाचताना त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. पण चर्चमध्ये एक नवी पद्धत निघाली होती. वर्षभरात सगळं शास्त्र वाचून काढेल त्याचं उपासनेनंतर कौतुक व्हायचं. मास्तरांनी ते मनावर घेतलं. मग मी रोज पुढे जाऊ लागले, कधी कधी तर धावतच. क्षमा झाली, नम्रता झाली, जिभेला आवर घालणं झालं, सगळं भराभर मागे पडलं. संध्याकाळी मला पानात ठेवताना "झालं का?" असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

याच काळात मी ताणत होते. आम्ही कापडाच्या जातीच्या, आम्हाला ओढलं की आम्ही वाढतो. गळ्याचा घाम, इस्त्रीची वाफ, रोजची ओढाताण, या सगळ्यात माझा एकेक इंच हळूहळू लांब होत गेला. मला स्वतःला हे बराच काळ कळलं नाही. माझ्या अंगावर छत्तीस लिहिलं होतं, म्हणून मी छत्तीसच समजत होते. आणि दुकानात कुणालाही कळलं नाही, कारण माप माझं आणि कापणंही माझ्यावरूनच. जेवढं तिकडे कमी मोजलं जाई, तेवढंच इकडे जास्त कापलं जाई. कपडे अंगात बरोबर बसत होते.

मग माझे पहिले काही आकडे पुसले गेले, आणि धाकट्याने स्वतःच्या टेबलासाठी एक नवी, पिवळी टेप आणली. आता मास्तर माझ्यावरून माप घेत आणि धाकटा तिच्यावरून कापत असे, त्यामुळे कमी मोजलेलं कमीच कापलं जाई. गिऱ्हाइकं कुरकुर करू लागली. सदरा काखेत धरतो, पँट कमरेला लागते. मास्तर धाकट्याकडे बघायचे. धाकटा काही बोलायचा नाही.

ज्या दिवशी बोलावं लागलं, तो दिवस एका नवऱ्यामुलाच्या कोटाचा. लग्न दुसऱ्या दिवशी. तो आरशासमोर उभा, त्याचे वडील आणि मामा बाकावर, आणि बटण काही केल्या काजापर्यंत पोचेना. मास्तरांचा चेहरा लाल झाला.

"तुझं लक्ष असतं कुठे?" ते सगळ्यांसमोर धाकट्याला म्हणाले. "बाबांनी उभ्या आयुष्यात एक कोट फुकट घालवला नाही."

"दादा, तू सांगितलेल्या मापानेच कापलंय," धाकटा हळू म्हणाला. "मला वाटतं टेपेचं काहीतरी आहे. दोन्ही टेपा एकदा शेजारी धरून बघ ना."

"बाबांची टेप आहे ही. तुझ्या कालच्या पिवळ्या पट्टीशी हिची बरोबरी करू?"

"बरोबरी नको करू. नुसती धरून बघ."

मी मास्तरांच्या गळ्यात होते. पिवळी टेबलावर पडली होती. मधलं अंतर हातभरही नसेल. धरा, मी मनात ओरडत होते, एकदाच धरा. मास्तर म्हणाले, "तुला चूक कबूल करता येत नसेल, तर या टेबलाला हात लावू नकोस."

धाकट्याने आपली कात्री फडक्यात गुंडाळली. आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून त्याने मान हलवली आणि तो पायऱ्या उतरून गेला. पिवळी टेप तशीच राहिली. मास्तरांनी ती खणात टाकली.

पुढची गोष्ट सांगताना माझंच मला कसंतरी होतं. मास्तर आता माप घेणं आणि कापणं दोन्ही माझ्यावरून करू लागले. त्यामुळे सगळे कपडे पुन्हा बरोबर बसायला लागले. एकाचीही तक्रार नाही. मास्तर बायकोला म्हणाले, "बघितलंस? तो गेल्यापासून एक कपडा घट्ट झाला नाही. मी उगाच बोललो नव्हतो." वहिनी काय बोलणार? समोर धडधडीत पुरावा होता, आणि तो पुरावा म्हणजे मी. एखाद्या माणसाविरुद्ध आपल्याकडून रोज खोटी साक्ष दिली जातेय आणि आपल्याला गळ्यातून खालीही उतरता येत नाही, याहून वाईट काय असतं ते मला ठाऊक नाही.

वाचन चालूच होतं. वर्षाकाठी एकदा तो उतारा यायचा, ज्यात सांगितलंय की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मास्तर तो मोठ्याने वाचायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "प्रभू, त्याला त्याची चूक कळू दे. मी त्याला मनापासून क्षमा केलीय." आणि मला पुढच्या पानावर ठेवायचे.

एकदा वहिनींबरोबर त्यांनी धाकट्याला निरोपही पाठवला, की मी तुला क्षमा केली आहे. वहिनी परत आल्या तेव्हा मास्तरांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"भाऊजींनी विचारलं, कशाबद्दल?"

मास्तर संतापले. "अजून तोच ताठा," म्हणाले आणि मशिनवर जाऊन बसले.

मग चर्चसाठी नवं टेबल झालं, प्रभुभोजनाचं, भाकर आणि द्राक्षारस ठेवायचं. सुताराने ते आपल्या वखारीत बनवलं आणि मापं सांगून पाठवली. त्यावर घालायचा पांढरा कपडा मास्तर देवाला अर्पण म्हणून शिवणार होते. फार जीव लावून शिवला त्यांनी. कडेला बारीक दुमड, हाताचे टाके. शनिवारी दुपारी आम्ही तो घेऊन गेलो, टेबलावर पसरला, आणि त्याची कड दोन्ही बाजूंना जमिनीवर लोळू लागली.

"मापं चुकीची दिलीस तू," मास्तर सुताराला म्हणाले.

"टेबल मी बनवलंय मास्तर, मी कसा चुकेन?" सुताराने खिशातून पोलादी टेप काढून टेबलावर सरळ धरली. "आणा बघू तुमची."

त्याने मला मास्तरांच्या गळ्यातून काढलं आणि तिच्या शेजारी ठेवलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते किती सहज झालं. तिचा साठ जिथे होता, तिथे माझा साठ नव्हता. तो बराच पुढे जाऊन पडला होता. सुतार हसला. "म्हातारी झाली हो तुमची टेप. चांगली ताणलीय. नवी घ्या आता." आणि तो आपल्या कामाला लागला.

मास्तर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मग कपडा तसाच टेबलावर टाकून घरी आले, खणातून पिवळी टेप काढली आणि कापायच्या टेबलावर मला तिच्याशेजारी पुन्हा एकदा धरलं. वहिनी बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बघितलं, त्यांनाही कळलं. मास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्याने एवढंच सांगितलं होतं मला."

त्या दिवसापासून पिवळी टेप मास्तरांच्या गळ्यात आली आणि मी कायमची पुस्तकात. वाचनात ते त्या वेळी कुठेतरी पार शेवटाकडे होते. त्यांनी पानं मागे उलटली, तो अर्पणाचा उतारा काढला आणि मला तिथे ठेवलं. मला वाटलं, आता जास्तीत जास्त एखादा दिवस.

ते धाकट्याच्या घराकडे निघायचे. सदरा बदलायचे, चपला घालायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. कधी म्हणायचे, "तो कामावर असेल." कधी म्हणायचे, "आता त्याची जेवायची वेळ." वहिनी एकदा म्हणाल्या, "मी येऊ बरोबर?" ते म्हणाले, "नको. माझं मलाच बोललं पाहिजे." ते खरं होतं, आणि तेच जमत नव्हतं.

एका दुपारी धाकटाच आला. त्याला दूरच्या शहरात कापड कारखान्यात काम मिळालं होतं. बायको-मुलांना घेऊन तो त्याच संध्याकाळी जाणार होता. वहिनींना भेटायला आला होता. वहिनींनी त्याला पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि मुद्दाम आत निघून गेल्या. पुस्तक मास्तरांच्या शेजारी टेबलावर होतं, आणि पुस्तकात मी.

धाकट्याने मास्तरांच्या गळ्यातली पिवळी टेप बघितली. बराच वेळ बघितली. त्याला सगळं कळलं, माझी खात्री आहे. मग तो अगदी हळुवार म्हणाला, "माप बरोबर येतं ना हिच्यावर?"

यापेक्षा जास्त दार कुणी कुणासाठी उघडत नाही. मास्तरांना फक्त "माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. त्यांचा हात पुस्तकावर आला, बोटांत माझं टोक सापडलं. बोला ना मास्तर, बोला.

"येतं," मास्तर म्हणाले.

धाकटा थांबला. चहा संपला होता तरी कप हातात धरून थांबला. मग कप खाली ठेवून उठला. "निघतो दादा."

"सांभाळून जा," मास्तर म्हणाले.

तो गेला. वहिनी बाहेर आल्या, त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कप उचलला.

आता मी थकले आहे. माझा रंग उडालाय, पितळ काळं पडलंय. मापाला माझा उपयोग नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. चर्चमधल्या कौतुकाच्या यादीत मास्तरांचं नाव आता नसतं, कारण ते पुढे वाचतच नाहीत. रोज सकाळी तेच पान उघडतात, तेवढ्याच ओळी वाचतात, डोळे मिटतात. आणि रोज संध्याकाळी, दुकान आवरलं की वहिनी दारात उभ्या राहून विचारतात, "झालं का?"

"नाही," मास्तर म्हणतात, आणि मला पुन्हा तिथेच ठेवतात.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही कुणी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत असाल, तर माझ्यासाठी एकदा कोपरा ओलांडा. भावाच्या दारापर्यंत मी मास्तरांना नेऊ शकत नाही. पान मिटलं की मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येतो. पोटाला टेप लागल्यावर लोक ओढायचे तसा, आत ओढून धरलेला.