फायरवॉल आणि कोसारा काकूंची शाल

"आजपासून माझ्या परवानगीशिवाय या घरात वारासुद्धा शिरणार नाही," बुदिमिरने जाहीर केलं. त्याचा एक हात कमरेवर होता, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि नजर दूर क्षितिजावर, म्हणजे फ्रीजवर होती.

"मग आधी बाल्कनीचं दार लाव," त्याची बायको देसांका म्हणाली. पिंपातून आंबवलेल्या कोबीचा गड्डा काढताना तिने मान वर केली नाही. "मघापासून उघडं टाकलंयस."

बुदिमिरने दार लावलं. इतिहास घडत असताना अशी किरकोळ कामं करावी लागतात.

जन्मभर त्याने चाचाकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनियरकी केली होती. अख्ख्या गावाचं बोलणं त्याच्या हाताखालून गेलं, पण त्यातलं एक अक्षरही त्याने ऐकलं नाही, असं तो शपथेवर सांगे. कुणाचं लग्न का मोडलं हे मात्र त्याला कायम ठाऊक असे. निवृत्तीनंतर नदीवर गळ टाकून पाहिला, पण मासे बोलत नाहीत. मग एका दुपारी त्याच्या ध्यानात आलं, की बैठकीतला नवा एसी इंटरनेटवरून कुठल्याशा लांबच्या देशाशी बोलतोय. बंद असतानाही बोलतोय. पोटची मुलगी स्वीडनहून आठवड्यातून एकदा फोन करते आणि हा भिंतीवर टांगलेला उपटसुंभ दिवसभर कुणाशी गुलुगुलु करतो, या विचाराने बुदिमिरची झोप उडाली.

म्हणून फायरवॉल. दातांच्या एका दवाखान्याने मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्याने उचलून आणला. मागे वायरी खोचायला दोन भोकं होती. एकात बाहेरून इंटरनेट आणणाऱ्या राउटरची वायर, दुसऱ्यात घरभर वायफाय पसरवणाऱ्या पांढऱ्या डब्याची. मध्ये हा बसणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारणार, कोण रे तू. आतल्याने हाक मारली तरच बाहेरच्याला प्रवेश. आणि आत जो नवा फोन येईल, त्याचीही ओळख बुदिमिरने आधी या यंत्राला करून द्यायची. न बोलावलेला दारातूनच परत.

देसांकाने हे सगळं नीट ऐकून घेतलं. "रविवारी स्लावा आहे, लक्षात आहे ना?" तिने विचारलं.

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. यांचा संत जॉर्ज. त्या दिवशी कुणालाही आमंत्रण देत नाहीत, ते देणं वाईट दिसतं. दार उघडं असतं आणि ज्याला आठवण आहे तो येतो. यांच्याकडे सगळ्यांनाच आठवण असे.

"ती माणसं," बुदिमिर म्हणाला. "हा डेटा."

"आणि माणसं खिशात काय घेऊन येतात? भोपळे?"

मग हात पुसून तिने मुद्द्याचं सांगितलं. लेक यास्नाला सातवा महिना लागलाय. डॉक्टरांनी विमान बंद केलंय. जन्मल्यापासून पहिल्यांदा ती स्लावाला घरी नसेल. ती टॅबवर येईल, पाद्री आणि बुदिमिर मिळून सणाचा पाव फिरवतील तेव्हा तिने तो पाहिला पाहिजे. "माझी लेक त्या वेळी मला दिसली नाही, तर तू आणि तुझं ते खोकं, दोघांनी गॅरेजमध्ये संसार थाटायचा. तिथे हीटर नाही."

बुदिमिरने शब्द दिला. तो टॅबची ओळख करून देऊन, दोनदा तपासूनच झोपायला गेला.

एकच अडचण राहिली. इंटरनेटची वायर पूर्वेकडच्या भिंतीतून यायची आणि पूर्वेच्या भिंतीवर संताची तसबीर होती. त्यामुळे फायरवॉल बरोबर तसबिरीखाली बसली: वर घोड्यावर संत जॉर्ज, त्याच्या भाल्याखाली अजगर, अजगराखाली दातांच्या दवाखान्याचा कॉम्प्युटर. देसांकाने त्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. बुदिमिरने तो काढला. पंख्याला हवा लागते म्हणाला.

रविवारी सकाळपासून दार उघडं होतं. पाहुणा यायचा, मेणबत्तीसमोर क्रूसाची खूण करायचा, चमचाभर गोड गहू खायचा, पेलाभर राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, घ्यायचा आणि खिशातून फोन काढून म्हणायचा, "बुदिमिर, तुमचं वायफाय बिघडलंय का?"

"बिघडलेलं नाही. ते पहाऱ्यावर आहे," बुदिमिर शांतपणे सांगे.

हे उत्तर कूम वुकाशिन येईपर्यंत चाललं. कूम म्हणजे लग्नाचा साक्षीदार आणि मुलीचा धर्मपिता. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमला नाही म्हणता येत नाही. वुकाशिनला आपल्या रासबेरीच्या मळ्याचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवायचा होता. बुदिमिर यंत्रासमोर खाली बसला, गुडघे टेकले आणि आकडे पुटपुटत त्याने कूमच्या फोनची ओळख करून दिली. मग कूमच्या बायकोची. मग तिच्या भावाची, कारण तो कूमच्या मळ्यात भागीदार होता. स्लावाला यजमानाने दिवसभर उभं राहून पाहुण्यांची सरबराई करायची असते. बुदिमिर दिवसभर गुडघ्यांवर होता.

त्यामुळे एक गैरसमज पसरला. दारातून शिरणाऱ्याला काय दिसे, तर यजमान तसबिरीखाली गुडघे टेकून, मान खाली घालून ओठ हलवतोय. लोक टोप्या काढत आणि मुकाट मागे उभे राहत. काही बायांनी डोळे टिपले. खालच्या मजल्यावरचा मास्तर देसांकाच्या कानात म्हणाला, की निवृत्तीनंतर माणसं दारूला लागतात, यांचं बरं आहे. फादर प्रोकोपिये आले तेव्हाही हेच दृश्य होतं. त्यांना पुढे आणखी बरीच घरं घ्यायची होती, तरी ते क्षणभर थबकले. चर्चमध्ये त्यांनी या माणसाला फक्त खांबाला टेकून जांभई देताना पाहिलं होतं.

तोवर तसबिरीजवळच्या मानाच्या खुर्चीत कोसारा काकू येऊन बसल्या होत्या. बुदिमिरच्या काकांच्या त्या विधवा. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण पाठीला लागणारा वारा त्यांना शेजारच्या गल्लीतून कळत असे. या मुलखात युद्धं येऊन जातात, सरकारं येऊन जातात, पण पाठीला लागलेला वारा माणसाला घेऊनच जातो, यावर सगळ्यांचं एकमत आहे. काकूंना वारा लागत होता. त्यांनी खिडकी पाहिली, बंद. कूमला उठवून बाल्कनीचं दार पाहायला लावलं, बंद. मग त्यांनी वाकून हात फिरवला आणि उगम सापडला. त्या खोक्याच्या मागून सूं सूं वारा येत होता, थेट मूत्रपिंडांवर.  काकूंनी अंगावरची जाड लोकरीची शाल काढली, यंत्रावर घातली आणि कडा चारी बाजूंनी खोचल्या, बाळाला निजवतात तशा.

टॅबवर यास्ना आली. पोटावर हात, डोळ्यांत पाणी. देसांकाने टॅब छातीशी धरला. फादरनी पावावर वाइनचा क्रूस ओतला, बुदिमिरने पावाखाली हात घातले आणि पाव फिरू लागला. तेवढ्यात यास्नाचा चेहरा थिजला, चौकोन चौकोन झाला आणि गेला.

 देसांकाने गॅरेजच्या दिशेने पाहिलं.

"हल्ला झालाय," बुदिमिर हळूच म्हणाला. पाव पाद्रींच्या हातात सोडून तो खाली बसला. शालीखाली यंत्र तापून भट्टी झालं होतं आणि स्वतःहून बंद पडलं होतं. सुरू करावं तर परत आचके देत होतं.

"ही कुणी घातली?"

"मी," कोसारा काकू म्हणाल्या. "वारा सोडत होतं ते. माझ्या नवऱ्याचा असाच गेला जीव."

"काका ट्रकखाली गेले, काकू."

"ट्रकची खिडकी उघडी होती."

याला गार करायला हवं, कूम, जरा खिडकी उघड, असं बुदिमिर म्हणाला आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. दार सताड उघडं, समोर खिडकी, आणि मध्ये नव्वदीची बाई. मास्तर पुढे होऊन खिडकीला पाठ लावून उभा राहिला. ज्याला नाही म्हणता येत नाही त्या कूमने नकारार्थी मान हलवली. फादरही पाव धरूनच म्हणाले, की बुदिमिर, देवाच्या घरी घाई नाही, पण खिडकी नको.

बुदिमिरने यंत्राकडे पाहिलं, मग देसांकाकडे. ती टॅबची रिकामी काच एप्रनने पुसत होती, जणू लेक धुळीमुळे दिसत नव्हती. त्याने यंत्रामागे हात घातला, राउटरची वायर उपटली आणि सरळ पांढऱ्या डब्यात खोचली, जिथे ती पूर्वी इतकी वर्षं गुपचूप होती.

घरभर फोन किणकिणले. न बोलावलेल्या शुभेच्छा एकदम आत घुसल्या. भिंतीवरच्या एसीने टुंग केलं आणि लांबच्या देशाला आपली खुशाली कळवली. आणि टॅबवर यास्ना उजळली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही गुडघ्यांवर का?"

"संताजवळ तुझ्यासाठी," देसांकाने परस्पर उत्तर दिलं. बुदिमिरने ते खोडून काढलं नाही. उठून त्याने पाव धरला, पाव फिरला, मोडला, आणि स्वीडनमध्ये व चाचाकमध्ये दोन बाया एकाच वेळी रडल्या.

जेवणं सुरू झाल्यावर बुदिमिर थंड पडत चाललेल्या यंत्राजवळ उभा होता. कोसारा काकूंनी त्याची बाही ओढली.

"बुदिमिर, बाळा, ती शेगडी पुन्हा पेटव की जरा. गुडघे गार पडले."