तिघांभोवती वेढा

“तीन ठिपके, तीन रेघा. कुणाचं कुणाशी तुटलेलं नाही. मग तुझं अडलंय कुठे?” पुरण वाटता वाटता सुलभाबाईंनी नातीला विचारलं.

गौरी जेवणाचा दिवस. जे. पी. नगरातल्या त्या घरात सकाळपासून बाईंचंच राज्य. शाळा तिसरीत सुटली होती, पण न कळलेलं कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. भार्गवी गणितात संशोधन करते म्हणजे काय करते, एवढंच त्यांनी विचारलं, तर पोरीने कागदावर आजी, बाबा आणि विलासकाका असे तीन ठिपके मांडले होते.

“रेघ दोघांनाच जोडते, आजी. वेढ्यात कितीही माणसं मावतात. एका पंगतीला बसले, की सगळ्यांभोवती एक वेढा, आणि वेढ्यातल्या दर दोघांत एक रेघ. कसल्या वेढ्यांतून कुठल्या प्रकारची आकृती तयार होते, ते मी शोधते. आता हा त्रिकोण. तिघांच्या एका पंगतीतूनही होतो, दोघादोघांच्या तीन बैठकींतूनही. नुसत्या रेघा बघून कळत नाही.”

“यासाठी तुला विद्यापीठ पोसतं? घाल तिघांभोवती वेढा!”

“तिघं एकत्र कधी जेवलात?”

बाई आठवू लागल्या. एचएसआर भागात विलासच्या घरी जेवल्या, तेव्हा थोरला, भार्गवीचा बाप विद्याधर... नव्हता. दिवाळीला विद्याधर शेजारी होता, पण विलास फराळाला आला तो विद्याधर ऑफिसला गेल्यावर. नवऱ्याच्या बाराव्याला दोघे भाऊ भांडले, पण आता फोनवर बोलतात की! रेघ आहे. मग पंगत कुठे गेली? त्यांनी हात पुसून फोन लावला.

“विलास, दुपारीच ये जेवायला.”

“दुपारी विद्याधर असेल ना? संध्याकाळी येतो की, आई. स्वल्प उशीर होईल.”

“तुला घास भरवायचा नाहीये मला. दोघं शेजारी बसा, एवढंच.”

पलीकडून हळूच आलं, “संध्याकाळी, आई.”

“सरी,” असा इथल्या कानडीत होकार देऊन बाईंनी फोन ठेवला.

भार्गवीची पेन्सिल कागदावर थबकलेली.

“बघतेस काय? दोन वेढे काढ. दोन्हींत मला घे. आणि ऐसपैस काढ, मी काही किडकिडीत नाही.”

मग त्यांनी निम्मं पुरण दुसऱ्या डब्यात भरलं, निम्मी कणीकही झाकून ठेवली. विलासच्या पानात सकाळची गार पोळी पडायला नको.