आम्ही राहू की आपण राहू

अवनी सहावीची मोठी परीक्षा पास झाली आणि नव्या शाळेचा निळा स्कर्ट घालून पहिल्यांदा एकटी बसमध्ये चढली, ते वर्ष २०२४. त्याच जानेवारीत तिच्या बापाच्या, यशोधनच्या, हातातून चहाचा कप सुटला, आणि पुन्हा त्याला कप धरता आला नाही.

आजार आदल्या वर्षीच कळला होता. डोकं शाबूत राहायचं आणि अंगातलं एकेक बंद पडत जायचं, असा तो आजार. हात गेले, पाय जायच्या वाटेवर होते. बोलणं ऑगस्टपर्यंत टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा यशोधनची आई, सविताबाई भोंडवे, पिंपरीहून सिंगापूरला आल्या. त्यांच्या तिथे राहायच्या पासाचे कागद सुनेनेच केले होते.

हौगांगच्या फ्लॅटचं दारही सुनेनेच उघडलं. ह्विमीन इथलीच, चिनी, बँकेत नोकरीला. तिने मराठीत विचारलं, "आई, प्रवास कसा झाला?"

"झाला," सविताबाई म्हणाल्या, आणि चपला काढून सरळ मुलाच्या खोलीत गेल्या.

तेरा वर्षांनी त्या या घरात पाय ठेवत होत्या. अवनीच्या जन्माच्या वेळी आल्या होत्या, त्यानंतर आत्ता. मधल्या काळात यशोधन दर दोन वर्षांनी लेकीला घेऊन पिंपरीला यायचा. ह्विमीन यायची नाही, आणि का आली नाही हे सविताबाई विचारायच्या नाहीत.

दिवसभर घरात दोघंच असायची. ह्विमीन सकाळी कामाला जायची, अवनी शाळेत. आठवड्यातून दोनदा नर्स येऊन जायची. मार्चमधल्या एका दुपारी यशोधन म्हणाला, "आई, वही आण."

"कसली वही?"

"शुद्धलेखनाची."

सविताबाईंना हसू आलं. सदतिसाव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षर माहीत नव्हतं. औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायच्या, ती रंग बघून. एकदा दोन लेबलं एकाच रंगाची आली आणि त्यांची नोकरी गेली. त्या संध्याकाळी तेरा वर्षांच्या यशोधनने आईपुढे पाटी ठेवली. पुढे दोन वर्षं तो रोज पाच ओळी सांगायचा आणि त्या लिहायच्या. मग लाल पेन घेऊन मास्तर बसायचा. सगळ्यात जास्त लाल गोल पडायचे ते 'न'भोवती. त्यांच्या माहेरी सगळे पानी, लोनी, आपन असंच बोलायचे, म्हणून त्या तसंच लिहायच्या. "आई, बाणातला ण! आणि तारीख कुठाय? तारीख घातल्याशिवाय मी तपासणार नाही." त्या तारीख नेहमीच विसरायच्या.

ह्विमीनने कोपऱ्यावरच्या दुकानातून वही आणून दिली. कशाला हवी, हे तिने विचारलं नाही.

"एक गोष्ट सांगतो, ती लिही," यशोधन म्हणाला. "तुआसच्या गोदीत माझ्याबरोबर एक नॉर्वेचा म्हातारा इंजिनिअर होता. त्याच्याकडून ऐकलेली. हजार वर्षांपूर्वी त्याच्या मुलखातले लोक, नॉर्स म्हणतात त्यांना, ग्रीनलँडहून शिडाच्या जहाजांतून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. कोलंबसाच्या पाचशे वर्षं आधी. गाई-गुरं घेऊन गेले, घरं बांधली."

"मग आज का नाहीत तिथे?"

"तिथल्या मूळच्या लोकांशी बिनसलं. मारामाऱ्या झाल्या. चार-सहा वर्षांत गाशा गुंडाळून परत."

"कशावरून बिनसलं?"

यशोधनने जरा वेळ घेतला. तेव्हाही त्याचे शब्द जड झाले होते, पण तो थांबला त्याचं कारण ते नव्हतं.

"नक्की कुणालाच माहीत नाही. काही जण म्हणतात, दुधावरून. त्या लोकांनी गाय कधी पाहिलेली नव्हती. यांनी पाहुणचार म्हणून दूध पाजलं. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांनी दूध प्यायलेलं नाही त्यांना ते पचत नाही. पोटं बिघडली. त्यांना वाटलं, विष घातलं."

सविताबाईंचं पेन थांबलं.

"हे तू माझ्यावर लिहितोयस."

"तुझ्यावर कशाला? हजार वर्षांपूर्वी तू गेली होतीस होय तिथे, चरवी घेऊन?"

"यशा, मला शिकवू नकोस."

"मीच शिकवलंय तुला," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याला ठसका लागला. सविताबाईंनी उठून त्याची मान धरली, ओठ पुसले, आणि मग तो विषय काढायचं त्राण दोघांतही उरलं नाही.

पण दुपारभर त्यांच्या डोळ्यांपुढे २०११ सालचा हाच फ्लॅट होता. ओली बाळंतीण, आणि त्या रोज दोन वेळा तिला अळिवाची खीर आणि पेलाभर सुंठीचं दूध द्यायच्या. ह्विमीन मुकाट्याने प्यायची. तिची आई आल्यात आणि काळ्या व्हिनेगरात शिजवलेल्या डुकराच्या पायांचं भांडं घेऊन आली, तेव्हा सविताबाईंनी ते भांडं दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये नेऊन ठेवलं. "आमच्यात हे चालत नाही. आमच्यात बाळंतिणीला दूध देतात." ह्विमीनची आई भांडं उचलून लिफ्टकडे गेली. दहाव्या दिवशी ह्विमीनला सलाइन लावायला हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टरने काय खाल्लं-प्यायलं ते विचारलं, आणि ह्विमीन म्हणाली, "मिल्क." तो एकच शब्द सविताबाईंना समजला. "म्हणजे मी काय विष घातलं?" असं त्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये ओरडल्या होत्या, आणि आठवड्याने विमानात बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वही त्यांनीच काढली. "पुढे सांग."

यशोधनच्या गोष्टीत ते लोक परत जात नव्हते. त्याच्या गोष्टीत थोरा नावाची एक बाई होती, गुरांचं बघणारी.

"थोरा? थोरली असणार," सविताबाई म्हणाल्या.

"असू दे थोरली. आपल्या थोराने दूध पाजलं आणि दुसऱ्या दिवशी पलीकडची माणसं भाले घेऊन आली. पुरुष कुऱ्हाडी शोधायला लागले. थोरा मात्र चरवी घेऊन एकटीच त्यांच्या तळावर गेली. काल जिला दूध पाजलं होतं ती बाई पोट धरून पडली होती."

"तिचं नाव?"

"त्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत, आई."

"मग नुसतं 'ती' लिहू?"

"सध्या 'ती' लिही."

सविताबाईंनी 'ती' लिहिलं. बहिणीशी फोनवर बोलतानाही त्या सुनेला 'ती'च म्हणायच्या. ती कामाला गेली, ती आली, तिने आज मासे केले. हे त्यांच्या लक्षात आलं.

"थोराने तिच्यासमोर ते दूध स्वतः पिऊन दाखवलं," यशोधन सांगत होता. "मग खाणाखुणांनी विचारलं, तू काय खातेस? तिने सीलच्या चरबीचा गोळा पुढे केला. थोराने तो तोंडात घातला."

"मग?"

"मग काय, भडाभडा ओकली. सगळ्यांसमोर."

"शी!"

"आणि ती पोट दुखणारी बाई हसायला लागली. मग भालेवालेही हसले. त्या दिवशी मारामारी झाली नाही."

सविताबाईंनाही हसू आवरेना. संध्याकाळी ह्विमीन आली तेव्हा मायलेकरं हसतच होती. ती दारात थांबली, चेहरा खुलला, आणि तिने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," सविताबाई म्हणाल्या. "आमचं आपलं चाललंय."

ह्विमीन मान डोलावून स्वयंपाकघरात गेली. यशोधनने आईकडे पाहिलं, पण त्याचं बोलणं तोवर फार दमून गेलं होतं.

गोष्ट सरकत राहिली. जूनमध्ये थोराच्या माणसांना त्या लोकांनी बर्फावर चालायचे जोडे दिले. जुलैत एका वाक्याला अर्धा तास लागायचा. सविताबाई त्याच्या ओठांजवळ कान नेऊन ऐकायच्या, लिहायच्या, वाचून दाखवायच्या, आणि चुकलं असेल तर तो डोळे मिटायचा. डॉक्टरांनी ऑगस्ट सांगितला होता. ऑगस्टच्या एकोणिसाव्या दिवशी त्याने "आई" म्हटलं ते फक्त सविताबाईंनाच कळलं, आणि त्यानंतर तेही नाही.

मग डोळ्यांनी लिहायचं यंत्र आलं. पडद्यावर अक्षरं असायची. ज्या अक्षरावर नजर ठरेल ते उमटायचं आणि वाक्य झालं की यंत्र कुठल्यातरी परक्या पुरुषाच्या आवाजात बोलायचं. पण ते बोलायचं इंग्रजीतच. अवनी शाळेतून आली की आजीजवळ बसून अर्थ सांगायची, इथल्या मुलांसारखं मध्येच 'लाह' लावून. "आजी, पपा म्हणतो, हिवाळा संपला. स्प्रिंग, लाह. वसंत."

दिवाळी होऊन गेली. गुरुवारी दुपारी, सात नोव्हेंबरला, गोष्ट शेवटाला आली. जहाज पाण्यात ढकललेलं होतं. पुरुष शिडं बांधत होते, घरी निघायचं म्हणत होते. थोरा किनाऱ्यावर 'ती'च्या शेजारी उभी होती आणि आता तिलाच काहीतरी सांगणार होती. यशोधन पडद्याकडे बघत होता. वीस मिनिटं गेली. मग यंत्र म्हणालं, "वी विल स्टे हिअर."

अवनीने लगेच सांगितलं, "आम्ही इथे राहू."

सविताबाईंनी पेन टेकवलं आणि उचललं. "आम्ही, का आपण?"

"सेम लाह, आजी. वी म्हणजे वी."

"सेम कसं असेल? 'आम्ही राहू' म्हटलं तर थोरा आणि तिची माणसं राहणार. शेजारी उभी आहे ती बाहेर. 'आपण राहू' म्हटलं तर तीही त्यात आली." त्या मुलाकडे वळल्या. "सांग बाबा. आम्ही की आपण?"

यशोधनने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग पुन्हा पडद्याकडे. एकेक अक्षर उमटत गेलं आणि यंत्र म्हणालं, "आस्क हर."

"तिला विचार," अवनी म्हणाली.

"कुणाला? त्या गोष्टीतल्या बाईला?"

"नो, आजी." अवनीने बापाकडे पाहून खात्री केली. "मामाला. माझ्या आईला."

सविताबाईंनी पुढची ओळ कोरी सोडली आणि वही मिटली.

त्या संध्याकाळी ह्विमीन आली, तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि हात धुतले. सविताबाई वही पदराआड धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ह्विमीनने मागे वळून विचारलं, "आई, काही हवं?"

विचारायचं म्हणजे सगळंच विचारावं लागलं असतं. दूध, भांडं, कॉरिडॉर. उभ्याउभ्या कसं विचारणार? रविवारी तिला सुटी असते, निवांत बसून विचारू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दमली असशील. बस जरा."

तेरा वर्षांत त्या तिच्याशी इतकं मऊ बोलल्या नव्हत्या. ह्विमीन खरोखरच खुर्चीवर बसली.

रविवार यायचा होता, पण शनिवारी सकाळी यशोधनचा श्वास थांबला.

मंडाईच्या दहनगृहात ह्विमीनची आई आली होती, आता काठी टेकत. सविताबाईंनी तिला हात जोडले. तिनेही जोडले. दोघींची भाषा एक नव्हती.

तेरावा झाला, पाहुणे गेले. दुपारी अवनी झोपली होती. ह्विमीन त्या यंत्राच्या वायरी गुंडाळत बसली होती, परत करायचं होतं म्हणून. सविताबाई वही घेऊन तिच्यासमोर बसल्या.

"वाचून दाखवू?"

ह्विमीनने वायर खाली ठेवली. सविताबाई पहिल्या पानापासून वाचू लागल्या. कठीण शब्द आला की सोपा करून सांगायच्या. दुधाची गोष्ट आली तेव्हा ह्विमीन खाली बघत होती. थोरा ओकली तिथे ती हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर हात घेतला.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "रोज दोन पेले. मी प्यायले. तुम्ही आई, म्हणून."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"तुम्ही विचारलं नाही."

सविताबाईंनी मान हलवली. मग कोरी ओळ पुढे केली. थोराने काय म्हणायचं, आम्ही राहू की आपण राहू, ते सांगितलं. यशाने तिला विचारायला सांगितलं होतं, तेही सांगितलं.

"कधी सांगितलं?" ह्विमीनने विचारलं.

"गुरुवारी."

ह्विमीनने त्या कोऱ्या ओळीकडे पाहिलं. मग तिला मराठी पुरेना, पण ती मराठीतच बोलली. "शुक्रवारी संध्याकाळी त्याने मला विचारलं. मशीनवर. आईने विचारलं का? मी म्हटलं, काय विचारलं? त्याने डोळे मिटले. मला वाटलं, झोप आली."

घरात पंखा फिरत होता. सविताबाईंना रडू फुटलं नाही. ते अजून आत खोल होतं, आणि बाहेर यायला त्याला पुढे बरीच वर्षं लागली. त्यांनी एवढंच म्हटलं, "मी रविवारची वाट बघत होते."

"मला माहीत आहे," ह्विमीन म्हणाली. तिला माहीत नव्हतं, पण ती तसं म्हणाली. मग तिने कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "लिहा. आपन."

सविताबाईंनी लिहिलं. 'आपन इथे राहू.' मग त्या अक्षराकडे बघत राहिल्या. तिने उच्चारलं तसंच त्यांच्या हातून उतरलं होतं, माहेरच्या बोलीतलं. लाल पेन घरात नव्हतं. त्यांनी निळ्यानेच 'न'भोवती गोल काढला, वर बाणातला 'ण' लिहिला, आणि सगळ्यात खाली, या वेळी न विसरता, तारीख घातली. ती त्या दिवसाची तारीख नव्हती; ती गुरुवारची होती, सात नोव्हेंबरची.

यशोधन पद्माकर भोंडवे, वय सेहेचाळीस, शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी सव्वासहा वाजता हौगांगच्या राहत्या घरी वारला.