पांढऱ्या चटणीची रवी

मित्रांनो, मी एक जुनी रवी आहे. जुनी म्हणा, चालेल. बिचारी तेवढी म्हणू नका. तुमच्याजवळ कीव असेलच, तर मी आता ज्या बड्या घराची गोष्ट सांगणार आहे त्या घरासाठी ती राखून ठेवा.

तुळजाबाईच्या माहेरी बिभीषण नावाचा सुतार होता. बैलगाडीच्या कामातून उरलेल्या बाभळीच्या तुकड्यातून त्याने मला घडवले, माझ्या फुलाला आठ पाकळ्या पाडल्या आणि दांडा काचेने घासून गुळगुळीत केला. तिच्या लग्नाच्या रुखवतात बसून मी तलवाड्याजवळच्या एका वाडीत, सुंदररावांच्या घरी आले. पुढे हे सुंदरराव वाडीच्या दूध सोसायटीचे चेअरमन झाले आणि बावीस वर्षे त्यांनी ती खुर्ची सोडली नाही. सभासदांच्या दुधाला फॅट लागत नसे. चेअरमनच्या अंगाला मात्र ते दर वर्षी लागत होते.

रोज सकाळी तुळजाबाई माझ्या दांड्याला दोरी गुंडाळून ताक घुसळायची. लोणी वर आले की शेजारणी म्हणायच्या, "बाई, तुमच्या रवीलाच गुण हाय." मी फुगून जायची. ताक न्यायला भीमनगरातून मनकर्णाही यायची. तिच्या सासऱ्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. ती स्वतः सोसायटीची सभासद होती. तरी तिला पायरीखाली उभे करून ताक वरून ओतले जाई, भांड्याला भांडे लागू नये म्हणून. खोटे कशाला बोलू, मलाही ते बरोबरच वाटायचे. खुंटीवर लटकून मीही नाक मुरडत होते.

मग बीडहून मिक्सर आला. नुसता आरडाओरडा करणारा, वीज गेली की मेल्यासारखा पडून राहणारा तो डबा चेअरमनच्या घराला शोभलाही छान. मला उचलून स्वयंपाकघराच्या माळ्यावर फेकले. तिथे उंदीर, फुटकी चाळण आणि मी, असा आमचा संसार बारा वर्षे चालला. खाली जे बोलले जाई ते सगळे मला ऐकू येई, आणि ऐकण्यासारखे त्यात फारसे काही नसे.

दोन हजार तेराचा उन्हाळा आला. विहिरींचे तळ दिसू लागले, टँकर सुरू झाला, घरटी दोन घागरी पाणी. सोसायटीने जनावरांसाठी चाऱ्याची छावणी उघडली. मनकर्णाचा नवरा जालिंदर बीडला बांधकामावर होता आणि घरी एकच म्हैस होती. ती घेऊन मनकर्णा छावणीत गेली, तर सोसायटीच्या सचिवाने, बंकटने, वहीतून डोकेसुद्धा वर काढले नाही.

"दावन शिल्लक न्हाई," तो म्हणाला.

तिच्या मागून चेअरमनच्या मेहुण्याच्या चार गाई आल्या. त्यांना दावण मिळाली. मनकर्णाकडे आठ दिवसांचा कडबा उरला होता. तो संपला की म्हशीला नेकनूरचा बाजार दाखवायचा, आणि दुष्काळात बाजारात नेलेली म्हैस पुढे कुठे जाते ते तुम्ही मोठ्यांना विचारा. म्हैस गेली की दूध गेले, दूध गेले की सोसायटीचे सभासदत्वही गेले. हे सारे मला नंतर तिच्याच तोंडून कळले.

अशातच निरोप आला की छावणी पाहायला एक मोठ्या सरकारी मॅडम येणार आहेत आणि दुपारचे जेवण चेअरमनकडे आहे. त्यांचा शेरा चांगला पडला तर सुंदररावांना दुसरी छावणी मिळणार होती. पुण्याची सूनबाई मदतीला आली होती. ती म्हणाली, "बाबा, मॅडम तेलकट-तिखट खात नाहीत, सॅलडच खातात. त्यावर घालायला मी घरीच क्रीमी हर्ब ड्रेसिंग करते. एकदम सोपं आहे."

सुंदररावांना त्यातले अक्षर कळले नाही, पण कळले नाही हे कबूल केले तर तो चेअरमन कसला! त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि बीडहून काकडी, गाजर आणि कोबीच्या भावासारखा दिसणारा एक महागडा पाला मागवला. त्या पाल्याला टँकरच्या दोन घागरी पाण्याने अंघोळ घातली. गावाच्या घशाला कोरड आणि इथे पाल्याचे अभ्यंगस्नान! माळ्यावर पडल्या पडल्या मला हसू आवरेना.

ड्रेसिंगला दही हवे होते, घट्ट. बीडहून आणलेल्या पिशवीतल्या दह्याचे एसटीतच पाणी झाले होते. घरातले विरजण महिन्यापूर्वीच मेले होते. सगळ्या वाडीत विरजण जिवंत होते ते मनकर्णाकडे. शेवटी तुळजाबाई वाटी घेऊन भीमनगरात गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"मनकर्णे, चमचाभर विरजन दे गं," ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली.

"न्या की बाई. विरजनाला कुनी न्हाई म्हनतं व्हय?" मनकर्णाने वाटी भरूनच दिली.

ते विरजण चेअरमनच्या दुधात मिसळले, दही लागले, आणि घरात कुणालाही काही बाटल्यासारखे वाटले नाही. पांढऱ्यात पांढरे मिसळले की जात दिसत नसावी.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी सूनबाईने दही, पुदिना, कोथिंबीर, लसूण, मीठ सगळे एकदम मिक्सरमध्ये कोंबले आणि बटण दाबले. झाकण उघडले तर आत हिरवे ताक.

सुंदररावांनी बोट बुडवून पाहिले. "ही चटनी हाय का शेवाळलेलं पानी?" ते ओरडले. "चार तासांत मॅडम दारात हायत!"

तेव्हा तुळजाबाईला आठवले. सोसायटीची दुधाची गाडी दिवसाआड येत होती, म्हणून मनकर्णा उरल्या दुधाचे दही लावून फडक्यात चक्का बांधून ठेवत असे. पण तिच्या घरचा जिन्नस मॅडमच्या पानात वाढायचा कसा? यावर तुळजाबाईने जो तोडगा काढला तो ऐका.

"पातेलं आपलं न्यायचं, रवी आपली न्यायची," ती म्हणाली. "मंग जिन्नस आपलाच झाला की!"

सुंदरराव खूश झाले. अशा अकलेवर सोसायट्या चालतात, मित्रांनो.

मला माळ्यावरून खाली ओढले, पदराने पुसले आणि स्टीलच्या पातेल्यात घालून भीमनगरात नेले. मनकर्णाने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"करते की," ती म्हणाली. "पन आदी माजी म्हैस छावनीत. तिच्या कानात छावनीचा बिल्ला बसला की मी चक्क्याला हात लावीन."

"अगं, विरजन तर लगीच दिलंस!"

"विरजन मागितलं, दिलं. आता माजे हात मागताय, बाई. त्येला दावन लागंल."

तुळजाबाईचे तोंड कडू कारल्यासारखे झाले, पण घड्याळ कुणासाठी थांबत नाही. मला पातेल्यासकट उंबऱ्यातच ठेवून ती घराकडे पळाली. छावणी भीमनगराला लागूनच होती, त्यामुळे थोड्या वेळाने सुंदररावांचा आवाज मला उंबऱ्यातच ऐकू आला. "बंकट्या, कावून जागा न्हाई म्हनलास बे? बांध ती म्हैस! आन् बिल्ला मार आदी!" कालपर्यंत नसलेली दावण पाच मिनिटांत उगवली.

मनकर्णा स्वतः जाऊन बिल्ला पाहून आली, मगच तिने मला हातात घेतले. मी अंग चोरले. चेअरमनच्या घरची रवी मी, आणि हे हात! घर लख्ख सारवलेले होते, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर होती, पण माझे नाक अजून खुंटीवरच लटकत होते. तेवढ्यात मनकर्णाने मला नाकाशी धरले आणि तोंड वाकडे केले.

"उंदराचा वास येतोय की बाई तुमच्या रवीला!" ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिच्याकडेही पाणी दोनच घागरी होते, तरी त्यातले तांब्याभर कढत करून तिने मला दोनदा धुतले, करडईचे तेल चोळले आणि मगच पातेल्यात उतरवले. बारा वर्षांत मला कुणी तेलाचे बोट लावले नव्हते.

नंतर तिने काय केले ते नीट ऐका, तुमच्या उपयोगी पडेल. चक्का पातेल्यात घेऊन तिने मला हलके फिरवले, तो लोण्यासारखा मऊ झाला. मग एका हाताने करडईचे तेल थेंब थेंब सोडत गेली आणि दुसऱ्याने घुसळत राहिली. लसूण आणि मिरे ठेचून घातले, लिंबू पिळले. पुदिना, कोथिंबीर आणि शेपू विळीवर बारीक चिरून वरून मिसळली. तो पुदिना तिने हंडे विसळलेल्या पाण्यावर दारातच जगवला होता. मीठ अगदी शेवटी. मीठ आधी घातले की दह्याला पाणी सुटते आणि मिक्सरच्या पात्याखाली पाला चिरडून कडू होतो, हे पुण्यात कुणी सांगत नसावे. पातेल्यात पांढरी, दाट, हिरव्या ठिपक्यांची चटणी तयार झाली. ती घट्ट माझ्या पाकळ्यांना बिलगून राहिली.

जेवणाच्या वेळी मी चेअरमनच्या मागच्या पायरीवर पडून होते. आतून मॅडमचा आवाज आला, "हे ड्रेसिंग फार सुंदर झालंय. कुणी केलं?"

"आमच्या सूनबाईनं," सुंदरराव म्हणाले. "समदं घरचंच हाय, मॅडम."

मॅडमनी तीनदा वाढून घेतले. चेअरमननी तर बोटे चाटली. संध्याकाळी छावणीत मॅडमनी सगळ्यात धष्टपुष्ट जनावर निवडून त्याच्यासोबत फोटो काढला. ती मनकर्णाचीच म्हैस होती. फोटो वर गेला, त्यामुळे पुढे तिचे दावे सोडण्याची बंकटची छाती झाली नाही. छावणी उठेपर्यंत म्हैस तिथेच जगली आणि मनकर्णाचे सभासदत्वही टिकले.

पाहुणे गेल्यावर तुळजाबाईने पातेले राखेने घासले, चुलीवर तापवले आणि घरात घेतले. मला मात्र तिने दांड्याच्या टोकाला दोन बोटांनी उचलले.

"ही आता घरात नगं," ती म्हणाली. "लाकूड हाय. लाकडात मुरतं."

सूनबाई म्हणाली, "पण आई, ड्रेसिंग तर आपण सगळ्यांनी खाल्लं!"

"खाल्लं ते गेलं," तुळजाबाई म्हणाली. "रवी ऱ्हानार हाय."

आणि अठ्ठावीस वर्षे जिच्या लोण्यावर ते घर पोसले, ती मी उकिरड्यावर जाऊन पडले. मला रडू आले नाही. एवढ्या वर्षांत ज्यांच्या खुंटीला मिरवले, ती माणसे इतकी पोकळ निघावीत याची मात्र शिसारी आली, आणि त्यांच्यासारखीच नाक मुरडत बसले याची त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी छावणीतून परतताना मनकर्णाने मला पाहिले, झटकले आणि घरी नेले.

पुढल्या वर्षी दिवाळीला सूनबाईला पुन्हा ते ड्रेसिंग हवे झाले. तुळजाबाई तेच स्टीलचे पातेले घेऊन मनकर्णाच्या उंबऱ्यापाशी आली. मी समोरच्या भिंतीवर होते, तेलाने चकचकीत. तिने मला ओळखले आणि नजर वळवली.

"मनकर्णे, थोडी ती पांढरी चटनी करून दे की."

"तयारच हाय, बाई," मनकर्णा म्हणाली आणि तिने सतरंजी अंथरली, ताटात भाकरी वाढली. "पायरीवर कावून उब्या? आत या. हितं बसून जेवा, मंग नेयाची तेवढी न्या."

तुळजाबाईने मागे वळून रस्त्याकडे पाहिले. कुणी पाहत नव्हते. तरी तिचा पाय उंबऱ्यावरून आत पडेना. भुकेल्या डोळ्यांनी ताटाकडे पाहत ती क्षणभर उभी राहिली आणि रिकामे पातेले घेऊन निघून गेली.

मित्रांनो, रवी वापरून झाली की कढत पाण्याने धुवा, उलटी टांगून वाळवा, महिन्यातून एकदा करडईचे तेल चोळा. लाकडात काही मुरत नाही, ते पन्नास वर्षे स्वच्छ राहते. माणसाचे मन कसे धुवायचे ते मात्र मला विचारू नका. मी चाळीस वर्षे चेअरमनच्या घरात काढली, तिथे ते कुणी कधी धुतलेले मी पाहिले नाही.