हळद लागलेला सूक्ष्मदर्शक

मी सिरसाळ्याच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक बोलतोय. जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला, पण कर्तृत्व सगळं इथलं. बारीक गोष्ट मोठी करून दाखवायची, हा माझा धंदा. माणसं तो भिंगाशिवायही करतात म्हणा.

इथला शिपाई त्रिंबक मोठा भाविक. खंडेनवमीला तो शाळेच्या घंटेची, खुरप्यांची आणि माझी पूजा करायचा. एका वर्षी त्यानं माझ्या काचपट्ट्यांनाही हळदकुंकू वाहिलं. सुट्टीनंतर नववीतल्या शिवानीनं गालाच्या आतून खरवडलेल्या पेशी नेमक्या त्यातल्याच एका पट्टीवर घेतल्या.

"आधी पट्टी धू," विज्ञानाचे केदारनाथ सर खेकसले. शिवानी भिंगावरून डोळा हटवेना.

"सर, पेशीच्या कडंलाच हळद कावून चिटकली?"

सरांनी वाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला न्हाई माहीत. तूच शोध."

असं उत्तर देणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

तिनं ते मनावर घेतलं. पुण्याला जाऊन जीवरसायनशास्त्र शिकली. पेशीभोवती दुधाच्या सायीहून हजारो पट पातळ पडदा असतो. त्यातून आत काय शिरतं, बाहेर काय अडतं, हे पाहण्यात तिची पंधरा वर्षं गेली.

तिचं नाव पेपरात आलं आणि इकडे माझी पंचाईत झाली. शाळेनं मला काचेच्या कपाटात बसवलं. गळ्यात हार, खाली पाटी: 'डॉ. शिवानी यांचा सूक्ष्मदर्शक. हात लावू नये.' सहा वर्षं माझ्यातून कुणी पाहिलं नाही. याहून अडगळ परवडली. खरं सांगतो, मला रडू यायचं.

गेल्या महिन्यात शिवानी सत्काराला आली. शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. मग तिची नजर माझ्यावर गेली.

"त्रिंबकमामा, किल्ली कुठं हाय?"

"देवावानी ठिवलंय त्याला, ताई. खंडेनवमीलाच उघडतो."

"मग आज खंडेनवमी समजा."

तिनं माझा हार काढून त्रिंबकच्याच गळ्यात घातला, भिंग पुसलं आणि पुढं बसलेल्या रोहिणी नावाच्या मुलीला गालाच्या पेशी घ्यायला लावल्या. पट्टीला हळद होतीच.

रोहिणी कितीतरी वेळ पाहत राहिली. "म्याडम, कड लई पिवळी दिसती. कावून?"

शिवानीला तासभर बोलता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "थोडं मला माहीत हाय. बाकीचं न्हाई. तू शोध."

आता किल्ली कपाटालाच लटकते. हळद खुशाल वाहा, बाबांनो. पण डोळाही लावत जा.