काचेत राहिलेला चेहरा

मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे मित्रांनो, फोटोची. पूर्वी फोटो आधी माझ्यासारख्या काचेवर उमटायचा, तोही उलटा. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. मग माझ्यावरून कागदावर सुलटा फोटो निघे. कागद लोक घरी नेत. काच मागे राही.

डोणगावच्या फोटोवाल्या उकंडरावांनी मला एका लग्नात कॅमेऱ्यात घातलं. नवरी जनकाबाई, नवरदेव इंद्रभान. ऊन कडक होतं आणि फेट्याची सावली नेमकी नवरदेवाच्या तोंडावर पडली होती. कागदावर फेटा झकास आला, चेहरा काळा आला. "ओळखू येते नं, झालं तं मंग," घरचे म्हणाले आणि फोटो घेऊन गेले.

काम झालं की उकंडराव काचा गरम पाण्यानं धुवून तसबिरींना लावत. त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनी मलाही धुवायला उचललं. उकंडरावांनी मला उजेडात धरून पाहिलं.

"हे राहू दे."

"काऊन? फोटो तं नेला त्याईनं."

"फोटोत पोराचं तोंड नाही आलं. काचेत आहे."

मी वाचले. फार आनंद झाला, असं म्हणणार नाही. पुढे फिल्मचा लहान कॅमेरा आला आणि आम्हा उरलेल्या काचांचं खोकं माळ्यावर गेलं. माझ्याभोवतीचा कागद उंदरांनी खाल्ला. एक कोपरा तडकला. धूळ बसत राहिली.

मग एका सकाळी जनकाबाई आल्या. विहिरीच्या कामावर दरड कोसळून इंद्रभान गेले होते. त्यांच्या हातात तोच लग्नातला फोटो होता.

"भाऊ, याचा मोठा करून द्या. मले त्याईचं तोंड आठवून नाही राह्यलं."

मीठ मागावं तशा आवाजात त्या बोलल्या.

उकंडरावांनी त्या फोटोचाच फोटो काढून मोठा केला. काळं होतं ते मोठं काळं झालं. "कागदात नाहीच ते बाई," म्हणत ते माळ्यावर चढले आणि मला खाली घेऊन आले. अंधाऱ्या खोलीत त्यांनी माझ्यातून कागदावर उजेड सोडला आणि चेहऱ्यापुरता पुठ्ठ्याच्या तुकड्यानं मध्येच अडवला, म्हणजे तेवढा भाग पुन्हा काळा पडू नये. औषधाच्या पाण्यात कागदावर आधी फेटा आला, मग भुवया, डोळे, कोवळी मिशी.

जनकाबाईंनी ओला फोटो बराच वेळ पाहिला.

"हो. हेच."

उकंडरावांनी फोटोच्या कडेचं पाणी निथळू दिलं.

"मले वाटलं होतं, पाह्यलं की रडू येईन," त्या म्हणाल्या. "सुकू द्या. तवर बसते."

फोटो दोरीवर लावला. त्यांच्या गावाकडची एसटी आली आणि गेली, तरी त्या उठल्या नाहीत.

मित्रांनो, फोटो भिंतीवर खुशाल लावा. पण तो ज्यातून निघाला, ते धुवून टाकू नका. सावलीतल्या माणसाचं तोंड त्या दिवशी कोणालाच लागत नाही. लागतं तेव्हा ते काचेत असतं, नाहीतर कुठेच नसतं.