अगदी शून्य म्हणता येत नाही

मोकल सरांचा किरणोत्साराचा धडा रेवदंड्याच्या बारावीत दरवर्षी रंगायचा. शंभर फोडलेले चिंचोके डब्यात खुळखुळवून टेबलावर ओतायचे, पांढरी बाजू वर आलेले काढून टाकायचे, उरलेले पुन्हा हलवायचे. दर खेपेला साधारण निम्मे उरत. अर्धायुष्य म्हणजे काय, ते पोरांना पाठ न करताच कळायचं.

यंदा सरांनी उदाहरण दिलं किरणोत्सारी आयोडीनचं. थायरॉइडच्या कॅन्सरवर देतात ते. अर्धायुष्य आठ दिवस. तेवढ्यात रुचिता उभी राहिली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी.

"सर, माझ्या आईला मुंबईला हेच दिलं. चार दिवस वेगळ्या खोलीत ठेवलेलं. घरी आल्यावरही ताट-पेला वेगळा. आम्ही लांबूनच बोलायचो."

जिवंत उदाहरण मिळालं म्हणून सर खूश झाले. "ऐका रे, नीट ऐका!" म्हणत त्यांनी तिला आणखी चार गोष्टी विचारल्या. औषध घेऊन चार महिने झाले होते. आता त्यातलं किती उरलं असेल, ते फळ्यावर मांडणार तोच घंटा झाली. शनिवार होता.

"उरलेलं सोमवारी," सर म्हणाले.

पोरांनी अर्धाच धडा घरी नेला. रविवारी मासळीबाजारात रुचिताच्या आईची, वेणूबाईची पाटी भरलेली तशीच होती आणि शेजारच्या मनुबाईपुढे गिऱ्हाईक मावत नव्हतं. वेणूबाईच्या हातच्या मासळीतून ते औषध आपल्या पोटात जाईल, अशी भीती गावात पसरल्याचं सरांना तिथेच कळलं. त्यांनी सगळ्यांदेखत वेणूबाईकडून बोंबील घेतले आणि मोठ्याने सांगू लागले, औषध केव्हाच विरलं, तीस हजारांत एक भागही राहिला नाही.

मनुबाईने हातातली सुरी खाली ठेवली. "म्हंजे थोडं हायच ना अजून?"

वेणूबाई सरांकडे बघत राहिली. पोरीच्या मास्तरांनी एकदा 'न्हाय' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पण वीस वर्षं हेच शिकवत आलेल्या माणसाची जीभ अडखळली.

"अगदी शून्य म्हणता येत नाही, पण..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही.

घरी सरांच्या बायकोने, किशोरीने बोंबलांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. "लहान लेक आहे घरात," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि शून्य नाही, हे तुम्हीच म्हणालात ना?" सर खूप बोलले, चिडले. तिने पिशवी परसात पुरून टाकली.

सोमवारी त्यांनी फळ्यावर सगळं गणित पुरं केलं. रुचिता आली नव्हती. आठवडाभर वाट बघून ते कोळीवाड्यात गेले. वेणूबाई पाटी घेऊन अलिबागच्या एसटीला निघाली होती. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं.

"पोरगी आता न्हाय यायची, मास्तर," ती म्हणाली. "शाळेत तिच्याजवळ कोन बसनार न्हाय." आणि ती निघून गेली.

रुचिता दारात सुकट निवडत होती. सर म्हणाले, "मी वर्गात सगळं समजावून सांगितलंय. तू ये."

"ते गणित मला शनिवारीच येत होतं, सर," ती मान वर न करता म्हणाली. "बाजारात माझी आई तुमच्या तोंडाकडे बघत होती. एकदा खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

तिने सूप उचललं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.